उशीवाल्या सुनेची सासू

बिरवाडी, ता. महाड

सौ. सुंदराबाई विहीणबाई यांना गीताबाईचा मानाचा जय भीम.

तुमची कंबर आता कशी आहे? शेळ्या बऱ्या आहेत ना? आम्ही इथे ठीक आहोत. तुमची सरिताही वेळेवर जेवते आहे आणि माझ्या आमटीत मीठ कमी पडलं तर सांगायला शिकली आहे. डोहाळेजेवण उरकून महिनाअखेर तिला उमरठला न्यायला येता, हा तुमचा निरोप तुमच्या विपुलने पोचवला. महाडच्या डॉक्टरीणबाई मात्र म्हणतात, हिचं बी.पी. चढतंय, आता दवाखाना सोडून लांब जाऊ नका. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मला कोणी शिकवायला नको (मीही आईकडेच गेले होते). या विषयावर मी येतेच. हे फोनवर बोलले असते, पण तुमच्याकडची रेंज आणि माझा धीर दोन्ही ऐन वेळी जातात. शिवाय आधी एक मोठी बातमी द्यायची आहे. तुमच्या विहिणीने होणाऱ्या डॉक्टरांची परीक्षा घेतली.

हसू नका. एका मेडिकल कॉलेजची शेवटच्या वर्षाची मुलं महाडला आली होती. पोटुशी बाईशी आणि तिच्या घरच्यांशी कसं बोलावं, याचीही आता त्यांची परीक्षा असते म्हणे. औषधं पाठ असून भागत नाही, बोलण्याचे वेगळे मार्क. त्यासाठी खोटी बाई आणि खोटे नातेवाईक लागतात. आमच्या शेजारची आम्रपाली (कारखान्याच्या ऑफिसात असते, लग्न व्हायचंय) खोटी गरोदर बाई झाली, आणि सासूसाठी तिने माझं नाव सुचवलं. मी परीक्षा घेणाऱ्या मॅडमना लगेच सांगितलं की जयंतीच्या नाटकात मी पंधरा वर्षं काम करते, मला गरोदर बाई दिलीत तरी चालेल. मॅडम फार सभ्य. त्या म्हणाल्या की सासूचं काम जास्त अवघड आहे, ते मुरलेल्या नटीलाच जमेल. सुहासच्या बाबांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, त्यात नाटक कुठलं. पुरुषांना कला कळत नाही.

आता प्रसंग ऐका. सुनेचं बी.पी. वाढलंय, तिचं माहेर कशेडी घाटाच्या पलीकडे, दिवस पावसाचे, दरड कधी खाली येईल नेम नाही. सासू म्हणते, पहिलं बाळंतपण आहे, माहेरी पाठवणार म्हणजे पाठवणार. मुलाने नाहीतर मुलीने आमची समजूत काढायची, घंटा झाली की पुढचा. (विहीणबाई, हा प्रसंग मी लिहिला नाही. कागदावर होता तसाच होता.) मॅडमनी बजावलं होतं की त्यांनी नीट समजावलं तर सासूने ऐकायचं. मी कोणाचंच ऐकलं नाही. पहिला आला तो एवढं छापील बोलला की आम्रपालीला जांभई आली. दुसरीला कोणीतरी सांगितलं असावं की मान हलवल्याचे मार्क असतात, ती आत आल्यापासून जी मान हलवत होती ती घंटा होईपर्यंत. तिसऱ्याला मी गाव विचारलं, मग आडनाव, मग मामाचं गाव, आणि तो थेट आमच्या सुहासच्या काकीच्या भाच्यांपैकी निघाला. नातं जुळेपर्यंत त्याची वेळ संपली. पोरगं जाताना माझ्या पाया पडून गेलं. चौथ्याच्या वेळी आम्रपालीची उशी घसरून जमिनीवर पडली. त्याने ती वाकून उचलली, दोन्ही हातांनी तिला परत दिली आणि काळजी घ्या म्हणाला. त्याच्या नम्रतेचे मार्क मी पूर्ण दिले, कारण घरच्यांच्या बाजूने थोडे मार्क माझ्या हातात होते.

मधल्या सुट्टीत मी डब्यातल्या तांदळाच्या भाकरी आणि सुकट सगळ्यांना वाढली. मॅडमनी दोन भाकरी खाल्ल्या आणि मग हळूच मला बाजूला घेतलं. तुम्ही सगळ्यांनाच नापास करताय, जरा सैल सोडा, म्हणाल्या. आणखी एक सांगितलं. मुलं सुनेला काहीही विचारोत, उत्तर तुम्हीच देता, आम्रपालीच्या तोंडून अजून एक वाक्य निघालेलं नाही. मी म्हटलं, मॅडम, सासू अशीच असते. त्यावर त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं, बाईंनी माझ्या अभिनयाची दाद दिली.

शेवटचा आला तो पियुष नावाचा, नागपूरकडचा, उंच आणि घामाघूम. स्वतःचं नाव सांगायला विसरला, पेन पाडलं, खुर्ची ओढली ती माझ्याकडे पाठ येईल अशी. मग आम्रपालीला विचारलं, पाय सुजतात का? मी सवयीने म्हटलं, नाय सुजत. तो वळला आणि म्हणाला, "आजी, तुमचंही ऐकतो. आधी ह्यांचं ऐकू द्या." (आजी! आज रात्री या पोराला कोणी जेवायला घालू नये, असं मला वाटलं.) आम्रपाली खरंच बोलायला लागली. तो एकदाही मधे बोलला नाही. तिचं संपल्यावर त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. बी.पी.चं नाव नाही, दरडीचं नाव नाही. म्हणाला, "आजी, सुनेला इथं ठेवलं तर तुम्हाला कशाची भीती वाटते?"

विहीणबाई, हे कागदावर नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "लोक म्हनतील, सासूनं पोरीला आईकडं जाव दिलं नाय. आनि तिची आई माझ्याशी जन्मात बोलायची नाय." घंटा झाली तरी मी बसूनच होते. आम्रपाली उशी काढून माझ्या शेजारी येऊन बसली. तिला वाटलं, काकी नाटकात रंगल्या.

एवढं सांगते की मला त्या पोराचा फार अभिमान वाटला, जणू आमच्याच घरचं मूल पहिलं आलं. आणि थोडा माझाही वाटला, कारण डॉक्टर व्हायला आलेल्या सगळ्यांनी घाम गाळला तो माझ्यासमोर.

पण घरी येताना रिक्षात एकच गोष्ट डोक्यात. महाडच्या डॉक्टरीणबाईंनी सरितालाही हाच प्रश्न विचारला होता, पाय सुजतात का, आणि तिथेही मीच नाय म्हटलं होतं. घरी आल्या आल्या तिच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि विचारलं. पाय सुजतात. गेले कितीतरी दिवस सुजतात. तिच्या मनात काय आहे तेही विचारलं आणि मधे बोलले नाही (विचारा तिला, मी तोंडावर पदर धरला होता). ती म्हणाली, "मला आईजवळच र्‍हायचंय. पन घाटात, रस्त्यात कायतरी झालं तर, म्हनून झोप नाय लागत. तुम्ही दोघी रुसाल म्हनून बोलले नाय." दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरीणबाईंना दाखवून आणलं, औषध बदललं आहे, आठवड्याने पुन्हा बोलावलं आहे. काळजी नको, पण तिला वर उमरठला नेऊ नका, हे त्यांनी पुन्हा सांगितलं आहे. या वेळी उत्तरं सरिताने दिली.

माझ्या परीक्षेची बातमी उमरठला सगळ्यांना सांगा. मॅडम पुढच्या वर्षीही बोलावणार आहेत. थोरामोठ्यांना जय भीम, लहानांना आशीर्वाद.

तुमची,
गीताबाई

ता. क. पोरीला आईजवळ राहायचं आहे आणि पोरीने दवाखान्याजवळ राहायचं आहे. या दोन्ही गोष्टी जमतात, आई इथे आली तर. मुलीच्या सासरी मुक्काम करायचा नाही हा तुमचा नेम मला माहीत आहे. त्याला सासर समजू नका, बिरवाडीत भाड्याने खोली घेतल्यासारखं समजा. इथे निम्मं गाव तसंच राहतं.

दुसरा ता. क. शेळ्यांसकट या. मागची पडवी झाडून ठेवली आहे. सुहासचे बाबा शेळ्यांना घाबरतात, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

तिसरा ता. क. पियुषला मी दहापैकी नऊ दिले. मॅडमनी विचारलं, एक का कापला? मी म्हटलं, पोराने सुनेला विचारलं, सासूला विचारलं, पण पोरीच्या आईला काय वाटतं ते कोणी विचारलंच नाही. तेवढं राहून गेलं होतं. म्हणून हे पत्र. सुंदराबाई, तुम्हाला कशाची भीती वाटते? सांगा. मी मधे बोलणार नाही.