चौथं नाव

प्रिय भिंगरी,

या नावानं तुला आता कोणी हाक मारतं की नाही, कोण जाणे. बाकावर पाच मिनिटं टेकायची नाहीस म्हणून वर्गानं ठेवलेलं नाव ते, माझ्या तोंडात तेच बसलंय. पाकीट बघून दचकली असशील. सात वर्षांत चार ओळी लिहिल्या नाहीत, आणि आज गणिताच्या बाईंचं एवढं जाडजूड पत्र! पत्ता तुझ्या आईकडून घेतला. त्यांच्या गळ्यात अजूनही मापाची टेप होती. अर्धवट उघडलेल्या दारातूनच त्यांनी पत्ता सांगितला, आत या म्हणाल्या नाहीत. मलाही आत जायचा धीर झाला नसता.

आधी शाळेचं सांगते, कारण डोकं त्यानंच भणभणलंय. वार्षिक अहवाल अकरा वर्षं माझ्या गळ्यात होता. गणिताची बाई म्हणजे आकडे चोख, असा मोठ्या बाईंचा समज. हो, मुख्याध्यापिका अजून त्याच आहेत, फक्त चष्म्याची दोरी बदललीय. यंदा त्यांना अहवाल चाळीस पानी आणि गुळगुळीत कागदावर हवा होता. अगं, पण चाळीस पानं भरतील इतकं काही घडायला नको? रिले शर्यतीत आपल्या मुलींचा तिसरा नंबर आला. संघ तीनच होते. दुसरं वाक्य त्यांनी खोडलं. वृक्षारोपण, झाडं दोनशे. मी मधल्या सुट्टीत मोजून आले. अकरा जिवंत आहेत, आणि त्यातलं एक कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यांचं आहे. संगणक कक्ष 'अद्ययावत', म्हणजे वीसपैकी नऊ चालू, त्यातल्या दोघांना थोपटल्याशिवाय जाग येत नाही. मी खरं लिहायचं, त्यांनी लाल शाईनं 'उत्साहवर्धक' करायचं, असे आमचे दोन महिने गेले. शेवटी शेवटी तर मला घरी भाजी निवडतानासुद्धा 'उल्लेखनीय' असे शब्द सुचायला लागले होते.

त्यात भर म्हणून करिअर मार्गदर्शन कक्षही माझ्याकडेच. कक्ष म्हणजे नकाशांची जुनी खोली, तुला आठवत असेल. फाटके खंड अजून कोपऱ्यात उभे आहेत. भिंतीवरच्या चित्रात कोट घातलेला एक माणूस बॅग घेऊन जिना चढतोय. चार वर्षं चढतोय, पोचलेला काही मी पाहिला नाही. नववी-दहावीच्या प्रत्येक मुलानं 'भावी वाटचाल' नावाचा तक्ता भरायचा आणि एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही, हा मोठ्या बाईंचा नियम. एका मुलीनं लिहिलं, 'माहीत नाही'. सबंध गठ्ठ्यात मला तेवढं एकच उत्तर प्रामाणिक वाटलं. अहवालाच्या कच्च्या प्रतीत छापून आलं तेव्हा तिथे 'संशोधनाची आवड' असं होतं! मी विचारायला गेले तर मोठ्या बाई म्हणाल्या, "माहीत नाही म्हणजे शोधतेच आहे ना ती?"

मार्गदर्शन सप्ताह झाला. एक डॉक्टर आले, ते घड्याळ बघत बोलले. बँकेचे एक साहेब आले, त्यांनी चाळीस मिनिटं स्वतःची बढती सांगितली. कॉम्प्युटरवाला एक तरुण आला आणि आवडीच्या मागे लागा, बाकी सगळं आपोआप होतं, असं सांगून टाळ्या घेऊन गेला. मी म्हटलं, एखादी नर्स बोलवू, नळ जोडणारा बोलवू, गाड्या दुरुस्त करणारी कोणी असेल तर ती बोलवू. निम्मी मुलं त्याच कामांना जाणार आहेत, त्यांना निदान विचारता तरी येईल. मोठ्या बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी बाजारातून शाळेसाठी बकरी आणलीय. "पालक काय म्हणतील?" एवढंच म्हणाल्या. मी चिडले, दार आपटून बाहेर आले, आणि नकाशांच्या खोलीत येऊन बसल्यावर तुझी आठवण झाली. नाही, खोटं कशाला लिहू. आठवण आधीपासूनच होती, तिथे नुसती समोर येऊन बसली.

नववीत घंटा अडकली होती तो दिवस. वाजायला लागली ती थांबेचना. शिपाईमामा खाली उभे राहून तिला हात जोडत होते, सगळी शाळा कानांवर हात ठेवून अंगणात. तू तेवढी स्टुलावर चढलीस, मेन स्विच बंद करायला लावलास, आणि केसातली पिन काढून काहीतरी केलंस. घंटा गप्प झाली. मी काय केलं? विजेला हात लावला म्हणून तुला शंभर वेळा 'मी असे पुन्हा करणार नाही' लिहायला लावलं. दुसऱ्या महिन्यात तक्ता आला, त्यात तू स्वच्छ अक्षरात 'वायरमन' लिहिलंस. मी ते वर्गात मोठ्यानं वाचलं आणि म्हटलं, "अगं, मॅन कशी होशील तू?" वर्ग हसला. हशा पिकवायला मला तेव्हा फार आवडायचं. मग तुझ्या देखतच ते खोडून मी 'गृहविज्ञान' लिहिलं. त्या दिवशी मात्र तू पूर्ण तास बाकावर बसून होतीस. मला वाटलं, चला, शिस्त लागली.

यंदा जानेवारीत पूर्वपरीक्षेचे निकाल लागले आणि मोठ्या बाईंनी मला बोलावलं. दरवर्षीसारखंच. काठावरच्या मुलांची यादी करायची, त्यांच्या घरी चिठ्ठी पाठवायची आणि आईवडिलांना समजवायचं की मुलाला बाहेरून परीक्षेला बसवा. म्हणजे ती मुलं आपल्या निकालात धरली जात नाहीत आणि फाटकावरची 'शंभर टक्के निकाल' ही पाटी तशीच राहते. या वेळी नावं तीन होती, तिन्ही मुली. मी म्हटलं, चिठ्ठ्या मी लिहिणार नाही. त्या म्हणाल्या, "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" मी म्हटलं, अनेक वर्षांत पहिल्यांदाच बरं वाटतंय. हे शूरपणाचं वाटत असेल, पण बाहेर आल्यावर मी पाण्याच्या टाकीला धरून उभी राहिले होते.

तिघींना मी सकाळी सात वाजता नकाशांच्या खोलीत बोलवायला लागले. दहा आठवडे. एकीला घरी धाकट्या भावंडांचं आवरून यावं लागायचं, ती रोज उशिरा यायची आणि रोज धावत यायची. तिच्यावर मी सुरुवातीला ओरडायची, मग सोडून दिलं. मार्चमध्ये तिघी परीक्षेला बसल्या, शाळेच्याच नावानं. निकाल लागला. दोघी पास झाल्या. धावत येणारी गणितात गेली, चार गुणांनी. भिंगरी, मी तो कागद हातात घेऊन इतकी संतापले की कोणावर ते मलाच कळेना. तिच्यावर, माझ्यावर, त्या चार गुणांवर. मोठ्या बाईंना ते बरोबर कळलं. त्यांनी अहवाल माझ्याकडून काढून घेतला आणि सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाल्या, "एका बाईंच्या हट्टापायी बावीस वर्षांची परंपरा गेली." चित्रकलेचे सर तेवढे नंतर माझ्यासाठी चहा घेऊन आले. दुसऱ्या दिवशी ती मुलगी आईला घेऊन दारात उभी. मला वाटलं, भांडायला आल्या. तिनं विचारलं, "बाई, परत कधी बसता येतं?" आता ती पुन्हा सात वाजता येते. अजून उशिराच.

मग गेल्या महिन्यातला गुणगौरव समारंभ. तुला माहीतच आहे, तू तिथे होतीस. मोठ्या बाई अहवाल वाचायला उभ्या राहिल्या, तिसऱ्या पानावर दिवे गेले. माईक गेला, पंखे गेले. मंडपवाल्यानं विजेच्या ठेकेदाराला फोन केला, आणि वीस मिनिटांनी निळ्या कपड्यांत कोणीतरी शिडी घेऊन मधल्या वाटेनं चालत आलं. मी तिसऱ्या रांगेत कडेला बसले होते. चेहऱ्यावरून मी तुला ओळखलं नसतं, अंधार होता. टेस्टर दातांत धरून तू मान वाकडी करून वर बघितलंस ना, तेव्हा ओळखलं. गणित अडलं की तू पेन्सिल तशीच धरायचीस. तू उतरून केबल ओढत माझ्या खुर्चीपाशी आलीस आणि म्हणालीस, "बाई, पाय जरा बाजूला घ्या." मी पाय घेतले. बाई म्हणालीस ते मला ओळखून की समोर कोणी वयस्क बाई दिसली म्हणून, याचा मी महिनाभर विचार करतेय. दिवे आले. मोठ्या बाईंनी माईकवरून कागदातून डोकं वर न काढता "वायरमनदादांचे आभार" मानले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू तोवर शिडी खांद्यावर घेऊन दारापर्यंत पोचली होतीस. मला उठून ओरडायचं होतं की दादा नाही, ती आमची मुलगी आहे. मी उठलेसुद्धा. पण आमची म्हणायला तोंड कुठे होतं?

मी मागच्या दारानं बाहेर आले, पण तुझी गाडी निघून गेली होती. तुझ्याबरोबर आलेला ठेकेदार मागे थांबला होता, त्याला विचारलं. म्हणाला, "हात सोन्याचा आहे हो तिचा. पण लायसन माझ्या नावावर. तिला मिळत नाही, दहावी नाही ना ती." तो सहज बोलला. म्हणाला, मी सांगतो तिला बाहेरून परीक्षा दे, तर म्हणते, एकदा नापास झालेय, परत तो तमाशा नको.

भिंगरी, हे पत्र त्या एका वाक्यासाठी लिहितेय, आणि एवढा वेळ तिकडे यायला घाबरत होते. तुझ्या दहावीच्या वर्षीही यादी झाली होती. त्यात चार नावं होती, आणि चौथ्या मुलाचे वडील शाळेच्या समितीवर होते. ते नाव काढायचं ठरलं, पण समितीला चार हा आकडा सांगून झाला होता. मोठ्या बाई म्हणाल्या, त्या जागी कोणतंही द्या. त्यांनी तुझं नाव घेतलं नाही. ते मी दिलं. तुझ्या आई शाळेचे गणवेश शिवायच्या, त्या वाद घालणार नाहीत, हे मला माहीत होतं म्हणून. तुमच्या घरी आलेली चिठ्ठी माझ्या अक्षरात होती. तुमची मुलगी नापास आहे, तिला शाळेतून बसवण्यात अर्थ नाही, असं मी त्यात लिहिलं, आणि त्या वर्षी पूर्वपरीक्षेचे पेपर कोणालाच परत दिले नाहीत. मोठ्या बाई, समिती, पाटी, सगळ्यांवर मी मघापासून चिडतेय, पण ते वाक्य माझं आहे. तुझा पेपर मी फेकला नव्हता. इतकी वर्षं कपाटात तळाशी होता, तो सोबत पाठवतेय. शिक्षण खात्याला मी सगळं लिहून कळवलंय, माझ्या सहीनं, त्याची नक्कलही आत आहे. माझं काय व्हायचं ते होईल. तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, माफी मागायलाही मी लिहीत नाहीये, ती देणं तुझ्यावर आणखी एक काम टाकल्यासारखं होईल. फक्त पेपर उघडून बघ. पास व्हायला पस्तीस लागत होते, तुला एकेचाळीस आहेत. पाचव्या गणितात मी दोन गुण कापलेत, मधली पायरी लिहिली नाहीस म्हणून. उत्तर बरोबर होतं. तू नापास झाली नव्हतीस, बाळा. कधीच झाली नव्हतीस.

तुझीच,
गणिताच्या बाई