अक्षत देणाऱ्या शाळेची निरवानिरव

मी, त्र्यंबक हरी गद्रे, धंदा पूर्वी सरकारी मराठी शाळेची मास्तरकी आणि पेन्शनीनंतर घरच्या ओसरीवर भरवलेल्या शाळेची, राहणार कल्याण, पारनाक्याजवळ, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या भिडेला न पडता आणि कोणाच्या धाकाला न जुमानता, माझ्या मागे काय कोणाचे व्हावे ते स्वहस्ते लिहून ठेवतो. मला खोकला आहे हे खरे. पण तो छातीत आहे, डोक्यात नाही, असे वैद्य महादेवशास्त्री यांनी नाडी पाहून सांगितले आहे आणि खाली त्यांची साक्षही आहे. पुतण्या प्रभाकर यास तरीही शंका असेल तर त्याने आत्ताच येऊन माझ्याकडून एकोणतिसाचा पाढा उलटा म्हणवून घ्यावा.

मालमत्तेची मला फारशी काळजी नाही. काळजी एकच आहे. मी गेल्यावर माझ्या ओसरीवर पोरे आजच्यासारखी आपल्या पायांनी, हसत येतील की नाही? पुढची सगळी कलमे त्या काळजीपायी लिहिली आहेत, असे वाचणाऱ्याने समजावे.

कलम पहिले. किरकोळ चीजवस्तू. पृथ्वीचा गोल, घंटा, पाट्या आणि धुळपाट्या शाळेच्या शाळेतच राहाव्यात. गोलावर हिंदुस्थान पोरांच्या बोटांनी पार पुसून गेला आहे. तो पुन्हा रंगवू नये, बोटे लावू द्यावीत. माझी शाल वैद्यबुवांना. सरकारी शाळेतून निघताना मला मानाने दिलेली वेताची छडी परसात पडवळाच्या वेलाला आधार म्हणून पुरावी. इतकी वर्षे ती कोनाड्यात रिकामी बसून होती, काहीतरी चांगले काम करू दे बिचारीला.

सामाईक भिंतीवरचा शेवगा शेजारी गंगाधरपंत यांना कायमचा दिला. शेंगा, पाने, सुरवंटांसकट. बारा महिने भांडून ते थकले नसतील, पण मी थकलो.

कलम दुसरे. सतरंजी. पूर्वी प्रत्येक पोर घरून आपापले बसकर आणी. त्यामुळे कोण कुणापासून किती लांब बसतो यावरून त्याचे घर कळे. मी भिवंडीच्या विणकराकडून एक लांबलचक सतरंजी विणून घेतली आणि सगळ्यांना तिच्यावर बसवले. भटाचा, आगऱ्याचा, कोळ्याचा, उत्तरेकडून आलेल्या रेल्वेतल्या परदेशी मुकादमाचा, सगळे. गावात गवगवा झाला. गंगाधरपंतांनी आपला नातू काढून नेला. नातू दुपारी शेवग्यावरून भिंत उतरून परत आला, मग पुढे पंतच गप्प बसले. ही सतरंजी मध्ये कापून दोन करू नये. फाटली तर ठिगळ लावावे.

कलम तिसरे. अक्षत. हे जरा लांबेल, पण याच्यावाचून चौथे कलम कोणाला कळायचे नाही.

आमच्या लहानपणी गैरहजर पोराला आणायला पंतोजी चार दांडगे विद्यार्थी धाडीत. ते हातपाय धरून त्याला उचलून आणीत. याला उचलबांगडी म्हणत. माझीही भर बाजारातून अशी वरात निघाली आहे. लंगोटी सुटलेली, दुकानदार पोट धरधरून हसताहेत! त्या दिवशी पंतोजींनी काय शिकवले ते विचारू नका, मला एक अक्षर आठवत नाही.

मास्तर झाल्यावर मी उचलबांगडी बंद केली, पण तिच्या जागी काय करावे हे मला सुचेना. ते सुचले माझी सून रंगूबाई हिला. माझा मुलगा तापात गेला तेव्हा ती अगदी लहान होती. तिला मीच लिहायला शिकवले आणि आता लहान वर्ग तीच सांभाळते. ती एकदा म्हणाली, "मामंजी, लग्नाला माणसं काय उचलून आणतात? अक्षत देतात की!"

तेव्हापासून कोणी पोर दोनतीन दिवस दिसले नाही की दोघे सोबती त्याच्या घरी जातात, उंबऱ्यावर हळदकुंकवाच्या अक्षता ठेवतात आणि सांगतात, "शाळेचं आमंत्रण आहे, यायचं हं."

तानाजी नावाचा सातारकडचा सांधेवाला, म्हणजे गाडीसाठी रुळांचे सांधे बदलणारा, रेल्वेच्या चाळीत राहायला आला. त्याची मुलगी मालन चार दिवस शाळेत आली आणि यायची थांबली. अक्षत घेऊन गेलेल्या दोघांना लग्नघरचे सगळे बोलणे पाठ. त्यांनी ठसक्यात सांगितले, "सहकुटुंब सहपरिवार यायचं बरं का, गद्रे मास्तरांकडे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तानाजी हजर. धुवट पागोटे, मागे नवे लुगडे नेसलेली बायको, काखेत तान्हे मूल, काठी टेकत म्हातारी आई, आणि आहेराला खण-नारळ! मालन सगळ्यांच्या मागे.

"मास्तर, मांडव कुठं दिसंना?" तानाजी म्हणाला.

पोरे फिदीफिदी हसायला लागली. तानाजीचा चेहरा पडला. रंगूबाईने मात्र पुढे होऊन म्हातारीचा हात धरला. "आजी, मांडव नाही, शाळा आहे. पण आमंत्रण खरं आहे. बसा."

म्हातारी सतरंजीवर टेकली आणि म्हणाली, "बाई, हितं येऊन वरीस व्हत आलं. कुनी दारात येऊन 'या' म्हनलं न्हाई. म्हनून समदीच आलो."

अगं आई गं! माझ्या डोळ्यांत पाणी आले ते मी खोकल्याच्या नावावर खपवले.

मग मालन का येत नाही तेही निघाले. ती बोलायला लागली की पोरी तिच्या बोलण्याला हसत. रंगूबाईने कोणाला दटावले नाही. तिने म्हातारीला जात्यावरच्या ओव्या म्हणायला लावल्या आणि मालनला म्हणाली, "यातला कुठला शब्द आमच्या पोरींना कळला नाही, तो तू समजावून सांग." अख्खी सकाळ मालन मास्तरीण झाली होती. पाढे राहिले, शुद्धलेखन राहिले, पोह्यांचा घाणा मात्र दोनदा झाला. आता आमच्या कल्याणच्या पोरी आपसांत भांडताना खुशाल सातारी बोलतात आणि मालनला अक्षत द्यायची पाळी पुन्हा आलेली नाही.

कलम चौथे. घर. हे घर माझ्या स्वकष्टाचे आहे, वडिलार्जित नाही. लोक धरून चालले आहेत की ते प्रभाकरला जाणार. प्रभाकर पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून आला आहे. त्रैराशिक त्याच्यासारखे शिकवणारा मी पाहिला नाही. ढ पोराला समजेपर्यंत तो दिवेलागणीपर्यंत बसेल. गुण आहे तो मी मानतो. पण मी अंथरुणाला खिळल्यावर शाळा त्याच्याकडे दिली, तर त्याने पहिल्याच दिवशी कोनाड्यातली छडी काढली आणि अक्षत बंद केली.

"काका, डिपुटी साहेब येतील ते परीक्षा घ्यायला. अक्षता वेचायला नव्हे. आणि बघा, शाळा कशी शांत झाली!"

मी म्हटले, "अरे, शांत तर मसणही असतं."

मी आतून ऐकतो ना! पूर्वी सकाळी पायऱ्यांवर धावण्याचा आवाज येई. आता येतो तो पाय ओढल्याचा. काही पाय तर येतच नाहीत.

तरी, सर्व बाजूंनी विचार करून, हे घर ओसरी, माजघर आणि परसासह मी माझी सून रंगूबाई हिला देतो. नुसते हयातीपुरते नव्हे, पूर्ण मालकीने. भाऊबंदांपैकी कोणीही तिला हरकत करू नये. शाळा तिच्या हुकमाने चालावी. प्रभाकरला शिकवायचे असेल तर गणित त्याचे, पण तिच्या हाताखाली.

हे वाचून दाखवले तेव्हा तो उसळला. "काका! बायकांच्या हाताखाली?"

"आजवर जेवलास कुणाच्या हातचं?" मी विचारले. त्यावर तो पाय आपटत निघून गेला आणि रात्री जेवला नाही. रंगूबाईने ताट झाकून ठेवले होते.

आज सकाळी मात्र भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला. "वहिनी, गैरहजर कोण कोण आहेत?" आणि मग, "मी बरोबर जाऊ का पोरांच्या?" एवढ्यावरून मी घराचे कलम बदलणार नाही, मी इतका भोळा नाही. पण बाळकुमची भातजमीन देवळाला देणार होतो, ती प्रभाकरला दिली. देव समजून घेईल.

कलम पाचवे आणि शेवटचे. मी जाईन तो दिवस. त्या दिवशी शाळेत आलेल्या पोरांना दारातून परत लावू नये. भटजी सुतकाची अडचण काढतील, तर शाळा अंगणात भरवावी. मास्तर गावाला गेले, असे खोटे सांगू नये. पोरे वाट पाहत बसतात. सरळ सांगावे की मास्तर वारले. कोणी रडेल. एखादे हसेलही, त्याला रागावू नये, त्याला काही कळलेले नसते. ज्याला घरी जायचे त्याला जाऊ द्यावे.

पण एखादे पोर जाणार नाही. कोपऱ्यात बसून राहील, बोलणार नाही. प्रभाकर, हे तुझ्यासाठी लिहितो आहे. तू त्याच्याजवळ जाऊन बस. त्याला काही शिकवू नकोस, समजावू नकोस. त्याला उठावंसं वाटेपर्यंत नुसता बसून राहा.

येणेप्रमाणे लिहिले ते माझ्या राजीखुशीचे असून, खाडाखोड आहे ती खोकल्याची आहे.

मुक्काम कल्याण, जिल्हा ठाणे. मार्गशीर्ष शुद्ध दशमी, शके १८११, विरोधी नाम संवत्सर.

सही, त्र्यंबक हरी गद्रे, दस्तुर खुद्द

साक्ष
१. महादेवशास्त्री वैद्य, राहणार कल्याण. नाडी पाहून सही केली.
२. गंगाधर विष्णू ओक, शेजारी, राहणार कल्याण. शेवगा मिळाल्याचे वाचले. तो यांनीच ठेवावा आणि आणखी काही वर्षे भांडावे, अशी माझी इच्छा आहे.