जावा मोटारसायकल व तिच्या बिघाडाबाबत

मी, अजिनाथ रखमाजी ढोकचौळे, वय वर्षे ७४, पूर्वीचा धंदा साखर कारखान्यात टर्नर, हल्लीचा धंदा खुर्चीत बसणे, राहणार श्रीरामपूर, जिल्हा अहिल्यानगर (आमच्या तोंडी अजून नगरच), आज हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. डोकं शाबूत आहे, कोणाचा दाब नाही, नशापाणी जन्मात केलं नाही. हात मात्र शाबूत नाहीत. कंपवातामुळे पेन धरवत नाही, म्हणून मी बोलतो आणि वकील पंकजा त्रिभुवन लिहितात. माझं बोलणं कायद्यात बसवायचा प्रयत्न त्यांनी दोनदा केला आणि सोडून दिला. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. घर. तीन खोल्या, पुढची पडवी आणि मागची पत्र्याची शेड ही माझी स्वकष्टाची मिळकत. माझ्या पश्चात ती सगळी पत्नी कलाबाई हिची. तिच्यानंतर मुलगा प्रशांत आणि मुलगी वृषाली यांना निम्मी निम्मी. वृषालीकडून हक्कसोड लिहून घेऊ नये. प्रशांत, तू तसं करणार नाहीस हे मला माहीत आहे. पण तुझ्या आत्याकडून मी लिहून घेतलं होतं, म्हणून सांगून ठेवतो.

कलम २. बँकेतली ठेव कलाबाईची. दहाव्याचं जेवण साधं करावं. आजारपणात ज्यांनी तोंड दाखवलं नाही त्यांनी बुंदी मागू नये.

कलम ३. हत्यारं. सगळे पाने, कानशी, व्हर्निअर, फीलर गेज वृषालीला द्यावेत. ती लहान असताना पान्याला हात लावला की मी तिला ओरडायचो, पोरीच्या जातीचं हे काम नव्हे म्हणून. माझा मायक्रोमीटर अकरा वर्षांपासून आबासाहेब गलांडेकडे आहे. तो माझा कारखान्यातला दोस्त, बॉयलरवर होता. आज साक्षीदार म्हणून समोर बसलाय, आणि साक्षीदाराला काही ठेवणं बरं दिसत नाही. सबब मायक्रोमीटर त्याच्याकडे आहे एवढीच नोंद करतो.

कलम ४. जावा मोटारसायकल, सन १९६९, रंग तांबडा. हे कलम लांबणार आहे. वकीलबाईंनी चहा घ्यावा.

ही गाडी पंचवीस वर्षं शेडमध्ये सुटी होऊन पडली होती. २०१९ साली मी ती जोडायला काढली. टाकीचं झाकण गंजून गेलेलं होतं. बाजारात मिळत होतं, पण टर्नरनं झाकण विकत आणायचं म्हणजे सुतारानं पाट मागून आणण्यातला प्रकार. एका ओळखीच्या लेथवर बसून मी ते पितळेत कातलं, आत चामड्याची वायसर घातली. असं बसलं की टाकी उलटी केली तरी थेंब गळू नये. त्याच महिन्यात उजव्या हाताला कंप सुटला. पुढं दोन्ही हातांना.

मग वृषाली यायला लागली. राहुरीला शाळेत शिक्षिका आहे. अडीच वर्षं दर रविवारी एसटीनं यायची. मी खुर्चीत बसून सांगायचो, ती करायची. इंजिन उघडलं, पिस्टन बसवला, पॉइंटची फट कागदासारखी बारीक लावली. गाडी पहिल्या किकला चालू झाली तेव्हा कलाबाईनं नारळ फोडला.

मग गाडी पुणतांब्याच्या रस्त्याला काढली. वृषाली चालवायला, मी मागे. सातव्या किलोमीटरला बंद. मी म्हटलं, आधी पेट्रोल बघ. तिनं झाकण उघडून बघितलं, पेट्रोल होतं, झाकण लावलं. मग प्लग काढून पुसला, किक मारली, चालू. म्हणजे दोष प्लगचा. नवा प्लग आणला. पुढच्या रविवारी पुन्हा सातव्या किलोमीटरला बंद. आधी पेट्रोल बघितलं, मग कंडेन्सर बदलला, चालू. म्हणजे कंडेन्सरचा. असं करत कॉइल बदलली, कार्बोरेटरचा जेट बदलला, इंजिन पुन्हा उघडून ऑइल सील बदलले. रस्त्यात ज्याला शेवटी हात लावू त्यानं गाडी चालू व्हायची आणि आठ दिवसांनी तोच तमाशा. कलाबाई म्हणाली, "शनिवारी शिंगणापूरला जाऊन तेल वाहा." मी म्हटलं, पेट्रोलमध्ये दर लिटरला तेल घालतोय ते काय कमी आहे?

शेवटी सुटा भाग राहिला नाही, तेव्हा मी दोष माणसावर टाकला. २०२३ च्या दिवाळीत, जावई आणि व्याही बसलेले असताना, मी वृषालीला म्हणालो, "तुझ्या हाताला यशच न्हाई." तिनं हात रॉकेलनं धुतले, पाने पुसून जागेवर ठेवले आणि गेली. तेव्हापासून आईला फोन करते. माझी चौकशी करते, पण माझ्याशी बोलत नाही.

गेल्या महिन्यात आबासाहेबानं शेडमध्ये गाडी स्टँडवर चालू ठेवली. वीसेक मिनिटांनी बंद पडली. त्यानं झाकण उघडलं आणि तसाच उभा राहिला.

"आज्या, ऐकलंस का? हवा आत वढली हिनं! टाकीला श्वासच न्हाई की रं. झाकनाला भोक कुठं हाय?"

मला ऐकू आलं नव्हतं. माझे कान वर्कशॉपनं कधीच खाल्ले. पण कळलं. पेट्रोल जेवढं खाली उतरतं तेवढी हवा वरून टाकीत जावी लागते, त्यासाठी झाकणाला सुईएवढं भोक असतं. माझ्या झाकणाला नव्हतं. चाळीस वर्षं वाफेचे सांधे कातले. तिथं केसाएवढी वाफ सुटली तरी साहेब जाब विचारायला घरी यायचा. काही सुटता कामा नये, एवढंच माझ्या हाताला ठाऊक. दर वेळी झाकण उघडलं की हवा जायची आणि गाडी चालायची. प्लग बिचारा उगाच पुसला जायचा.

सबब ही गाडी मी वृषालीला देतो. आणि लिहून ठेवतो की, पोरी, चूक माझी होती. तुझ्या हाताला यश होतं. मला फार वाईट वाटतं आणि ते तुझ्यासमोर बोलायची माझ्यात हिंमत नाही.

इथं आबासाहेबानं सही करायला नकार दिला. त्याचे शब्द वकीलबाईंनी जसेच्या तसे घेतले आहेत: "तू मेल्यावर वाचून तिला काय उपेग? आत्ता फोन लाव. न्हाईतर मी हा निघालो."

कलाबाईनं फोन लावून माझ्या कानाला धरला, आवाज मोठा करून. मी एवढंच म्हणू शकलो, "वृषाली, झाकणाला भोक नव्हतं."

ती म्हणाली, "म्हाईत हाय, नाना."

मग तीच बोलली. पहिल्याच वर्षी तिला हवेचा आवाज ऐकू आला होता. मी दवाखान्यात असताना टाकीला झाकणाऐवजी फडकं बांधून ती एकटी पुणतांब्यापर्यंत जाऊन आली. गाडी एकदाही बंद पडली नाही. आल्यावर तिनं माझं झाकण परत लावलं.

"सांगितलं का न्हाईस?"

"ते तुमचं शेवटचं काम हुतं, नाना. त्याच्यानंतर तुमाला चहाचा कपबी धरवंना. मी कोनत्या तोंडानं सांगू?"

दोन वर्षं ती माझं ओरडणं ऐकत राहिली आणि चांगले भाग बदलत राहिली. माफी मागायला फोन लावला होता, ती राहूनच गेली. मी म्हणालो, गाडी तुझ्या नावावर केलीय.

"गाडी प्रशांतला द्या. इकायची तर इकू द्या त्याला. मला तेवढं झाकन द्या. अन् त्याला भोक पाडू नका." एवढं बोलून तिनं फोन ठेवला. येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही.

सबब कलम ४ मधील गाडी वृषालीस देण्याचा मजकूर मी रद्द करतो. बाकी मजकूर तसाच ठेवावा.

गाडी प्रशांतला.

झाकण वृषालीला, आहे तसं.

लिहून देणार: अजिनाथ रखमाजी ढोकचौळे (डाव्या हाताचा अंगठा; आबासाहेबानं मनगट धरलं)

साक्षीदार:
१. आबासाहेब गलांडे, निवृत्त बॉयलर अटेंडंट. मजकूर माझ्यासमोर सांगितला, फोन माझ्यासमोर झाला. (सही)
२. सुनील बोर्डे, शेजारी. (सही)

लेखन: अ‍ॅड. पंकजा त्रिभुवन

ठिकाण: श्रीरामपूर
दिनांक: २० नोव्हेंबर २०२५