दुर्मदियन धुऱ्याची विल्हेवाट

मी, घनश्याम लखनलाल रहांगडाले, वय छप्पन्न, राहणार फुलचूर, धंदा बातमीदारी, हे मृत्युपत्र लिहिताना शुद्धीत आहे आणि कोणाच्या दडपणाखाली नाही. राग आहे, तो शुद्धीचाच भाग समजावा.

१. फुलचूरचे घर व बँकेतील शिल्लक पत्नी चेतना हिची. माझे संस्कृत ग्रंथ तिने खुशाल विकावेत, फक्त रद्दीवाल्यापुढे माझी विद्वत्ता सांगू नये.

२. बोदलकशाजवळ माझी धानाची बांधी, म्हणजे भाताचे खाचर, आहे. लगतची बांधी थोरले चुलत बंधू छोटेलालभाऊ यांची. रोवणीआधी धुऱ्याचे, म्हणजे दोन बांधींमधल्या बांधाचे, गवत छाटून त्यावर चिखल थापायची आपली रीत. भाऊ छाटतात त्यांच्या बाजूने आणि थापतात माझ्या बाजूने. मी गोंदियात बातम्या लिहीत बसलो, तिकडे धुरा माझ्या बांधीत सरकत आला. विचारले तर म्हणाले, "धुरा का ढोर आहे, चालाले?"

३. इंग्रजी लोक गोष्टीतल्या खलपुरुषाच्या नावाचे विशेषण करून कोशात बसवतात. खलपुरुष मरतो, विशेषण राहते. ही सोय मला आवडली. मी गावच्या मंडईसाठी, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेसाठी, नाटक लिहिले आणि त्यात धुरा सरकवणारा दुर्मद घातला. भाऊ पहिल्या रांगेत होते.

"काऊन रे घनश्याम, तो दुर्मद माह्यावाणीच काऊन खोकलते?"

"थंडी आहे, भाऊ."

भाऊंची लेक हर्षा शाळेत इंग्रजी शिकवते. म्हणाली, "काकाजी, बाकावर सरकत सरकत जागा खाणाऱ्याले पोरं आता 'दुर्मदियन' म्हणून राहिले. घरी आई पण म्हणते. बाबाले सांगू नका."

नाटकाचे हक्क गावच्या मंडळाला. प्रयोग दर मंडईला व्हावा, खोकला गाळू नये.

४. माझे फावडे छोटेलालभाऊंना. त्यांचे एव्हाना झिजले असेल.

५. बांधी हर्षाला. तिने ती विकू नये, बापाला कसायला देऊ नये. यापुढे भाऊंनी धुरा सरकवला, तर लेकीच्या शेतात सरकेल. मग तिने बापाला काय म्हणावे, हे मी सांगायला नको. शब्द तिच्या घरातलाच आहे.

वाचून, समजून, समाधानाने सही केली.

घनश्याम लखनलाल रहांगडाले
फुलचूर, १० नोव्हेंबर २०२५

साक्षीदार:
१. ओमेश्वर बिसेन (दुर्मदची भूमिका करणारे)
२. सौ. सुशिलाबाई छोटेलाल रहांगडाले (स्वखुशीने)