फुलं खुडलेली ओळ

॥ श्री ॥
धारवाड, कार्तिक वद्य ५, शके १८५२

तीर्थस्वरूप लखूदादांस, धाकटा भाऊ कान्हूचा सा. न. वि. वि.

शेतकी शाळेत मी खुशाल आहे. वाटाण्याच्या तीन ओळी उगवल्याचं कळलं, जीव भांड्यात पडला. आता काम ऐका. पहिल्या ओळीवर दुपार कलली की टोपल्या पालथ्या घालायच्या, सकाळी काढायच्या. दिवस लहान झाला की वाटाणा फुलायची घाई करत नाही. दुसऱ्या ओळीचं प्रत्येक फूल खुडायचं. तिसरीला हात लावायचा नाही. मास्तर म्हणतात, शेंगेत दाणा भरू लागला की झाडाच्या अंगात कसलासा रस फिरतो आणि पानांना म्हातारपण येतं. तो रस अजून कुणाला सापडलेला नाही. फुलं खुडली तर झाड हिरवंच राहतं म्हणे. यावर माझी परीक्षा आहे. खुडायचं काम देवकीवैनीलाच द्या, तुम्ही गेलात तर वेलच उपटून आणाल!

मायेत उणं पडू देऊ नये.
कान्हू

कुंभारवाडा, माघ वद्य ३

चि. कान्हूस लखूचा आशीर्वाद.

तू लिहिलंस तसंच झालं बघ. न खुडलेली ओळ शेंगा भरून पिवळी पडली. टोपल्यांखालची अन् खुडलेली अजून हिरवीगार हाय. फुलं चुकतील म्हणून देवकी उळवीच्या जत्रेलाबी गेली न्हाई.

पण एक गोष्ट तुला कळवली नव्हती. दोन पोरं पोटातच गेल्यावर आता तिला सातवा लागलाय. नजर लागंल म्हणून कुणाला बोललो न्हाई. भात पोटरीला आलं, पोटात लोंबी धरली की गरवार बाई मानून आपल्या घरात त्याची ओटी भरतात, तुला ठावं हाय. परवा केशर सुईणीनं तिला विचारलं, पोटुशी बाईनं वेलाची कूस रिकामी करावी व्हय? तवापासनं देवकी धड जेवत न्हाई. म्हणते, खुडलं की वेल परत फुलतोय, बिचारा वाट बघतोय. मला तुझा राग येतोय. माझा त्याहून जास्त. सगळं ठाऊक असून तुझी परीक्षा म्हणून मी गप्प बसलो.

काय ते लवकर लिही.
लखू

धारवाड, माघ वद्य ९

दादा, सा. न.

पत्र मिळालं, तसाच लिहायला बसलो. वेलाचा आणि वैनीच्या पोटाचा काही संबंध नाही, हे मी शंभरदा लिहीन, पण त्यानं तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. भाताची ओटी भरणाऱ्या घरातला मी, आणि फुलं खुडा असं लिहिताना एकदासुद्धा मनात आलं नाही. शिकून काय उजेड पाडला! आता एकही फूल खुडू नका. टोपल्याही काढा. ओळी मोडल्या म्हणून मास्तर चिडले तर चिडू देत. दोष लागायचाच तर मला लागो. वैनीनं जेवावं, एवढंच मागतो. तिच्या पायांवर डोकं ठेवतो.

रागातही आठवण ठेवा.
कान्हू

कुंभारवाडा, चैत्र वद्य १०, शके १८५३

चि. कान्हूस आशीर्वाद.

सोमवारी पोरगी झाली! बारकी हाय, पण रडली तशी गोठ्यातली गुरं उठून उभी राहिली. तुझं पत्र वाचून दाखवलं त्या दिवशी देवकीनं पोटभर पेज घेतली. मग रोज त्या खुडलेल्या ओळीपाशी जाऊन बसायची. शेंगा धरल्या, तशा पहिल्या शेंगा केशरनंच तिच्या ओटीत घातल्या. दाणे भरले अन् इतके दिवस हिरवी राहिलेली ओळ बघता बघता वाळली. तुझे मास्तर खरे ठरले, सांग त्यांना. देवकी त्यावरबी रडली.

वाळलेले वेल अजून शेतात हायत. मी उपटायला गेलो तर तिनं अडवलं. म्हणाली, ज्यांनी खुडायला लावलं त्या भावजींनीच येऊन आपल्या हातानं काढावेत, अन् दाणे पोरीच्या पाळण्याखाली ठेवावेत. बारसं अक्षय तृतीयेला हाय.

रागावून म्हणाली असती तर मी लिहिलं नसतं. ये.

लखू