नऊ कोरी विमाने

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय एक्काहत्तर, धंद्याने दातांच्या कवळ्या बनवणारा कारागीर, आता निवृत्त, हे मृत्युपत्र राहत्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी दडपण आणून लिहायला लावलेले नाही. दडपण आणण्याइतके घरात कोणी उरलेलेही नाही. शेजारच्या डॉक्टरांनी काल मला तपासून मन स्थिर असल्याचे सांगितले. ते बरोबर आहे. बायको गेल्यापासून ते इतके स्थिर आहे की हलतच नाही. मला रडू आले नाही. जेवतो, झोपतो, दूधवाल्याशी दोन शब्द बोलतो. ही तक्रार नव्हे, माहिती आहे.

कलम पहिले. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी, माझ्या एकुलत्या एका लेकीला द्यावे. त्यात दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. बाथरूमचे दार दमट हवेत फुगते. ते खांद्याने ढकलायचे असते, लाथेने नव्हे, हे जावयाला समजावून सांगावे.

कलम दुसरे. बँकेतली शिल्लकही लेकीचीच. माझा अंत्यविधी साधा करावा. भाषणे नकोत, धाकट्या भावाचे तर मुळीच नको. तो बोलायला लागला की थांबत नाही, आणि त्याला गप्प बसवायला त्या दिवशी मी नसेन.

कलम तिसरे. याच धाकट्या भावाने माझे लहान ड्रिल 'दोन दिवसांसाठी' म्हणून नेले आणि आजतागायत परत केले नाही. ते आता त्याचेच समजावे, म्हणजे मी आलो की त्याला ते लपवावे लागणार नाही. मेण कोरायच्या सुऱ्या, चिमटे, पॉलिशची मोटर ही उरलेली हत्यारेही त्यालाच द्यावीत. हत्यारांचा संच फोडू नये.

कलम चौथे. आता विमाने. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानांच्या प्लास्टिकच्या छोट्या प्रतिकृती मी अर्धे आयुष्य जोडत आलो. जोडणे आणि रंगवणे माझे, खुणा बायकोच्या. पंखांवरचे गोल, शेपटीवरचा पट्टा, अंगावरची तुकडीची अक्षरे, हे सगळे एका कागदावर छापून येते. त्याला डिकल म्हणतात. हवी ती खूण कापून बशीतल्या कोमट पाण्यात भिजवायची आणि कागदावरून सुटली की ब्रशने विमानावर सरकवायची. ती दुधावरच्या सायीइतकी नाजूक असते. मला ते कधी जमले नाही. कवळी दाबून बसवायची माझी सवय, आणि डिकल दाबले की फाटते. बायको लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती. तान्ह्या बाळाची नस तिला पहिल्या सुईत सापडायची. विमानांत तिला काडीचा रस नव्हता. "सगळी सारखीच तर दिसतात," असे म्हणायची आणि जीभ दातांत धरून अक्षर सरळ बसवायची.

ती गेल्यावरही मी जोडत राहिलो, कारण दुसरे काही सुचले नाही. नऊ विमाने रंगवून, वार्निश देऊन कपाटात उभी आहेत आणि एकावरही खूण नाही. युद्धात विमान असे उडवत नसत. आपलेच लोक शत्रूचे समजून पाडतील, ही भीती असे. ही नऊ मात्र अशीच कोरी राहावीत, त्यांना कोणी हात लावू नये, अशी माझी इच्छा आहे.

कलम पाचवे. काचेच्या पेटीतले स्पिटफायर विमान. शेपटीवरच्या पट्ट्यातला लाल रंग दोन्ही बाजूंना पुढे, नाकाकडे, यायला हवा. या विमानाच्या उजव्या बाजूला तो मागे गेला आहे. बायकोकडून पट्टा उलटा लागला आणि माझ्याही ध्यानात आले नाही. आम्हा विमाने जोडणाऱ्यांच्या मंडळाच्या स्पर्धेत अध्यक्षांनी भिंग लावून ते चारचौघांत दाखवले आणि आमचा पहिला नंबर काढून घेतला. वर म्हणाले, "वहिनी, तुमचं विमान मागे उडतं की काय?" बायको म्हणाली, "कुठेही उडेल. तुम्ही जरा बाजूला व्हा." सगळे हसले, अध्यक्षही हसले. मी हसलो नाही आणि माफही केलेले नाही. माझे मोठे भिंग अध्यक्षांना द्यावे, लोकांच्या चुका शोधायला उपयोगी पडेल. विमान लेकीला द्यावे. तो पट्टा कोणीही दुरुस्त करू नये.

कलम सहावे. बायकोच्या खणात उरलेले डिकलचे कागद. इथे थोडे सविस्तर लिहावे लागेल.

बायको गेल्यावर काही आठवड्यांनी लेक आईच्या खुर्चीत बसली, खण उघडला आणि म्हणाली, "बाबा, एखाद्या विमानावर मी लावून बघू?"

मी म्हणालो, "कागद पिवळे पडलेत. चांगलं नाही दिसणार."

हे खरे होते. गोलांमधला पांढरा रंग चहा सांडल्यासारखा दिसत होता. पण कागद नवेकोरे असते तरी मी नाहीच म्हणालो असतो. तिने वाद घातला नाही. बशी धुऊन पालथी ठेवली. तेव्हापासून ती दर रविवारी येते, भाजी भरून ठेवते, माझ्या गोळ्या तपासते, पण त्या खुर्चीत बसत नाही. उभ्यानेच चहा पिते.

त्यानंतर एका रविवारी ती गेल्यावर पाहिले, तर स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेला डिकलचा एक कागद चिकटपट्टीने लावलेला होता, खुणांची बाजू उन्हाकडे करून. हा तिच्या आईचा उपाय. उन्हाने पिवळेपणा उतरतो. लेक त्याबद्दल काही बोलली नाही, मीही विचारले नाही. काढूनही टाकला नाही. सकाळी चहा घेताना तो समोरच असतो. आज हे लिहिता लिहिता मान वर केली, तर पांढरा रंग पांढरा झाला होता.

मी उठून तो कागद काढला. एक जादा अक्षर कापून बशीत भिजवले. जुने डिकल पाण्यात गेले की कधीकधी त्याचा चुरा होतो. याचा झाला नाही. अख्खे अक्षर सुटले आणि पाण्यात तरंगत राहिले. ते ब्रशवर घेतले, पण पुढे मला काही करता येईना. डॉक्टर सहीसाठी आले तेव्हा मी टेबलावर डोके टेकून बसलो होतो. त्यांनी घाईघाईने नाडी पाहिली. मला काही झाले नव्हते. बायकोची आठवण आली होती. ती गेल्यापासून पहिल्यांदाच आली.

डॉक्टरांनी मला पुन्हा तपासले आहे. मन स्थिर असल्याचे त्यांचे मत कायम आहे.

कलम सातवे. कलम चौथ्याच्या शेवटी लिहिलेली इच्छा रद्द समजावी. नऊही विमाने, डिकलचे सगळे कागद, बशी, ब्रश आणि बायकोची खुर्ची लेकीला द्यावी. विमानांवर खुणा तिनेच लावाव्यात. एखादा पट्टा उलटा लागला तर लागू द्यावा.

कलम आठवे. कलम सातवे अमलात येण्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये.

डॉक्टर म्हणाले, "अहो, असं मृत्युपत्रात लिहीत नाहीत. सरळ फोन करा तिला."

मी म्हणालो, "फोनवर 'जेवलीस का'च्या पुढे माझी गाडी जात नाही."

म्हणून इथेच लिहितो. डॉक्टरांचा दवाखाना लेकीच्याच गल्लीत आहे. या पानाची नक्कल ते आज संध्याकाळी तिच्या हातात देणार आहेत.

बाळा, उद्या आलीस की भाजी नंतर भर. आधी आईच्या खुर्चीत बस. बशीत कोमट पाणी मी काढून ठेवतो.

वरचा सगळा मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये असे म्हणतात, म्हणून लेकीला बोलावले नाही.

सही: कवळ्या बनवणारा, लेकीचा बाप

साक्षीदार पहिले: शेजारचे डॉक्टर
साक्षीदार दुसरे: तळमजल्यावरचे चष्मेवाले

ठिकाण: स्वयंपाकघर, खिडकीसमोर
वार: शनिवार