मुलीमागे एक मूठ

६ नोव्हेंबर १९६५, दुबई

आज पुन्हा दारात त्या सरदारीणबाई! सतवंत कौर. सगळे बहेनजी म्हणतात. नवऱ्याचं इथे मोटारींचं वर्कशॉप, आणि बाई स्वतःच्या घराच्या अंगणात मुलींची शाळा चालवतात. फी नाही. रोज मुलीमागे मूठभर पीठ — त्याच्या रोट्या करून सगळ्या पोरी एका पंगतीत जेवतात.

"मेरी नानी पंजाब में ऐसे ही घर-घर जाती थी. लोग कुत्ते छोड़ते थे. वो कहती — मुट्ठी भर आटा दो, और बेटी दो."

मग विचारलं, "कितनी बेटियां हैं?"

"एक," म्हटलं.

अजराला पाठवली. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो.

९ नोव्हेंबर

फजिती! आम्ही भाताची माणसं — मी तांदळाचं पीठ दिलेलं. बहेनजींनी ते सगळ्यांच्या गव्हात मिसळलं. रोट्या तव्यावरच फाटल्या. अजरा सांगताना लोळून हसली. मला हसू आलं नाही. वर्षभर येत नाही.

१० नोव्हेंबर

बहेनजी मलाच ओढून घेऊन गेल्या. "अब आप ही सिखाओ!" आधण ठेवलं, उकड काढली, भाकऱ्या थापल्या. हात आपोआप चालत होते.

गेल्या वर्षी तार आली तेव्हाही भाकरीच थापत होते. माझी थोरली, जहांआरा. इथून बोटीनं सासरी धाडलेली, पहिल्या बाळंतपणात गेली. सतरावं वर्ष. हातातली भाकरी मी पुरती भाजली, उतरवली. मग तार पुन्हा वाचली.

१५ नोव्हेंबर

काही नाही. वारा. वाळू.

१८ नोव्हेंबर

अजराचे अब्बा गोदामातून आले ते ठरवूनच. पुढच्या गुरुवारच्या बोटीनं तिला रत्नागिरीला धाडायचं. त्यांच्या बहिणीचा हमीद, त्याच्याशी निकाह. "चौदा पुरी झाली. खलास! आता शाळाबिळा नको."

हमीद वाईट नाही. जहांआराचा नवराही वाईट नव्हता.

"ट्रंक भरून ठेव," म्हणाले. मी "हं" म्हटलं.

२५ नोव्हेंबर

सकाळी दारात बहेनजींची हाक — "अजरा!"

"प्रेझेंट, मिस!" पोरगी पाटी घेऊन पळाली. मी अडवलं नाही.

अजराचे अब्बा ट्रंक उचलायला आले. हलकी लागली. उघडली — रिकामी!

"हे काय?"

"एक पाठवली होती," म्हटलं. "ही नाही जाणार."

आवाज माझाच, पण शेजारच्या घरातून आल्यासारखा. हे ट्रंकेवरच बसून राहिले. खाडीकडून बोटीचा भोंगा आला. दोघांनीही ऐकला. कोणी उठलं नाही.

२७ नोव्हेंबर

आज पिठाचा डबा यांनीच पुढे केला. "मूठ काढ. बहेनजी आल्यात."

मी दोन काढल्या.

"दो?" बहेनजी बघतच राहिल्या.

"दो. बड़ी का नाम जहांआरा." बोलता बोलता रडू फुटलं — एकदाचं!